'मी' असा कोणी नसेलच तर जबाबदारी कोणाची? आशियाई तत्त्वज्ञान, नीती आणि आपण नाशिककर

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय, जरा लांब झालाय, सांभाळून घ्या.

आशियाई तत्त्वज्ञान म्हटलं की चर्चेचे लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो आपल्याकडे सगळं आधीच सांगून ठेवलंय, दुसरा म्हणतो ते सगळं पूजापाठ आणि ध्यान, खरा युक्तिवाद ग्रीकांपासून. मूळ ग्रंथ दोघंही उघडत नाहीत आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण आत जे वाद घातलेत ते फार कडक आहेत आणि थेट आपल्या रोजच्या वागण्याला भिडणारे आहेत.

कॉलेजात नीतिशास्त्र शिकलो तेव्हा बहुतेक वेळ कांट आणि मिल या युरोपातल्या तत्त्वज्ञांवर गेला. तिथं एक माणूस गृहीत धरलेला असतो, तयार झालेला, स्वतःचं हित कळणारा, आणि मग विचारतात की याने काय करावं. बौद्ध, चिनी, उपनिषदांचे लोक एक पायरी खाली उतरतात आणि विचारतात की हा जो 'मी' म्हणून उभा आहे तो मुळात आहे काय, कारण ते उत्तर बदललं की काय करावं तेही बदलतं.

मिलिंदपञ्ह घ्या, राजा आणि भिक्खूच्या प्रश्नोत्तरांचा पाली बौद्ध ग्रंथ. राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, भिक्खू नागसेनांना अडवतो की कायमचा आत्मा नाही म्हणता, तर मग केलेल्या पापातून माणूस सुटलाच की. नागसेन म्हणतात, समजा एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले आणि पकडल्यावर म्हणाला, महाराज, याने लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे, मी याचं काही घेतलंच नाही. सोडाल? राजा म्हणतो नाही सोडणार, कारण तोडलेले आंबे लावलेल्यापासूनच आलेत. बास, एवढंच. जबाबदारीला कायमचा न बदलणारा 'मी' लागत नाही, कारणांची साखळी पुरते. दहा वर्षांपूर्वीचा मी आणि आजचा मी एकच नाही, पण त्याने घेतलेलं कर्ज मलाच फेडायचंय.

दुसरे शांतिदेव, बौद्ध आचार्य, ८ वं शतक, नालंदा. त्यांच्या बोधिचर्यावतार या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात म्हणतात, पायातलं दुःख हाताचं नाही मग हात पायाला का जपतो? आणि पुढे, 'अस्वामिकानि दुःखानि सर्वाण्येवाविशेषतः'. दुःखाला मालक नाही, ते दुःख आहे एवढ्याच कारणाने निवारायचं, माझं-तुझं अशी अट कशाला? हा उपदेश नाहीये हो, हा युक्तिवाद आहे. आणि १९८४ साली ऑक्सफर्डमधला तत्त्वज्ञ डेरेक पारफिट स्वतःच्या वाटेने विचार करत करत अगदी जवळ पोचला आणि बुद्धाला हे मान्य झालं असतं असं त्याने लिहिलं.

तिसरे मेंग्झी (मेन्शियस), कन्फ्यूशियसच्या परंपरेतले जुने चिनी तत्त्वज्ञ. लहान मूल विहिरीत पडताना दिसलं तर कोणाचंही काळीज हलतं, आईबापांची मर्जी मिळावी म्हणून नाही, गावात नाव व्हावं म्हणून नाही. हे बीज सगळ्यांत आहे, त्याची मशागत करायची का नाही एवढंच आपल्या हातात.

तुम्हाला यातलं जगताना काय उपयोगी पडलं, किंवा काय अजिबात पटत नाही, ते लिहा. न पटलेलं आधी वाचायला आवडेल.

पंचवटीकर

राम कृष्ण हरी. धागा आवडला पण शांतिदेवांपर्यंत जायच्या आधी घरचं बघूया. ज्ञानेश्वरीत दहाव्या अध्यायात 'जें जें भेटे भूत । तें तें मानिजे भगवंत' आहे. ईशोपनिषदात जो सगळी भूतं आपल्यात बघतो आणि आपल्याला सगळ्यांत, तो कोणाचा तिटकारा करत नाही असं स्पष्ट आहे. दुःखाला मालक नाही म्हणा किंवा सगळ्यांचा मालक एकच म्हणा, वागणं शेवटी तेच निघतं ना. मला उलट 'कोणीच नाही' यापेक्षा 'सगळ्यांत तोच' हे धरायला सोपं वाटतं, माणसाला काहीतरी धरायला लागतं. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेत चालताना अनोळखी माणूस पाया पडतो आणि आपण त्याच्या पाया पडतो, तिथं कोण मोठा कोण लहान राहत नाही, हे मी वर्षानुवर्षं अनुभवतोय. संतांनी तत्त्वज्ञान पायात आणलं. पुस्तकात ठेवलं नाही.

त्रिरश्मी

जय भीम. पंचवटीकर काका, तुमच्या भावनेबद्दल आदर आहे, पण तुम्ही जिथं राहता तिथूनच पाच मिनिटांवर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० ला तिथं दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड आघाडीवर, काही वर्षं लोक मार खात राहिले, दार उघडलं नाही. आत बसलेल्यांना 'सगळ्यांत तोच' हे पाठ होतं. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराचं जे जाहीर केलं ते सगळ्यांना माहितीये. त्यामुळे 'वागणं शेवटी तेच निघतं' हे मला मान्य नाही. निघालं नाही. इथंच निघालं नाही.

माझा मुद्दा असा की आत्मा एक आहे का अनेक का नाहीच, या प्रश्नापासून नीती आपोआप खाली उतरत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये नेमकं हेच धरलंय, एकटा माणूस असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसं एकमेकांच्या संबंधात आली की धम्माला पर्याय नाही. म्हणजे नीतीची जागा माणसाच्या आत नाही, माणसामाणसाच्या मध्ये आहे. जपानमध्ये वात्सुजी तेत्सुरो हा तत्त्वज्ञ साधारण याच काळात म्हणत होता की युरोपियन नीतिशास्त्र एकट्या माणसापासून सुरू होतं हीच चूक. दोघांची वाट वेगळी, पण बोट एकाच जागी.

आता एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते आणि नाशिकमध्ये कोणी बोलत नाही. आपण पांडवलेणी म्हणतो त्या त्रिरश्मी डोंगरावर लेणं क्रमांक ३ आहे, गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्रीने सातवाहन राजा पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी दान दिलेलं. शिलालेखात लिहिलंय की हे भद्रायणीय भिक्खूंना दिलं. हे भद्रायणीय कोण? वात्सीपुत्रीय या बौद्ध पंथाची शाखा, म्हणजे पुद्गलवादी. यांचं म्हणणं होतं की पाच स्कंधांपलीकडे (शरीर, संवेदना वगैरे माणसाचे घटक) आत्मा नाही हे बरोबर, पण 'व्यक्ती' आहे, ती स्कंधांहून वेगळीही नाही आणि तीच ती पण नाही, अग्नी आणि इंधनासारखी. कारण व्यक्तीच नसेल तर कर्म कोणाचं, आठवतं कोणाला, बांधला कोण आणि सुटला कोण? बाकीच्या बौद्धांनी यांना धुऊन काढलंय, कथावत्थू हा पाली वादग्रंथ याच वादाने उघडतो, आणि वसुबंधू या बौद्ध आचार्याने आपल्या अभिधर्मकोशाचा शेवटचा भाग यांच्याविरुद्ध लिहिला.

म्हणजे धाग्याचं जे शीर्षक आहे, तो प्रश्न विचारणारे लोक आपल्या डोंगरावर राहत होते, सुमारे १९०० वर्षांपूर्वी. आणि आपण तिथं रविवारी सेल्फी काढून भेळ खाऊन येतो.

सातपूरकर

त्रिरश्मी दादा, हे माहितीच नव्हतं, जबरदस्त.

मी थोडं वेगळं बोलतो, एमआयडीसीत शॉपफ्लोअरला आहे. आमच्या कंपनीत मागे माइंडफुलनेसचं सेशन ठेवलं होतं, डोळे मिटा, श्वास बघा, विचार येतील जातील. त्याच महिन्यात कॉन्ट्रॅक्टच्या पोरांचा ओव्हरटाइम बुडवलेला. पोरगं बिचारं श्वास बघतंय आणि खिशात भाड्याचे पैसे नाहीत. अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती आहे तशी सम्यक आजीविका पण आहे, ती वगळून नुसता श्वास विकायचा म्हणजे औषधातलं औषध काढून बाटली विकण्यासारखं झालं. इगतपुरीला धम्मगिरीत दहा दिवस बसलोय, तिथं पहिल्या दिवशी आधी शील घ्यायला लावतात, खोटं नाही चोरी नाही वगैरे, त्यानंतर श्वास. हा क्रम कंपन्यांनी उडवलाय. आशियाई तत्त्वज्ञानाचं योगदान म्हणून जगभर जे पोचलं ते हेच अर्धवट पोचलं असं मला वाटतं.

शुभदा

मी इथं नेहमी फक्त वाचते पण आज लिहिते, कारण हा विषय माझ्या घरात बसलाय.

सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. मला कधी वन्सं म्हणतात, कधी शाळेतली कोणी मैत्रीण समजतात, ह्यांना तर ओळखतच नाहीत. इंग्लंडच्या जॉन लॉकचं वाचलं होतं की माणसाचं 'तोच असणं' हे स्मृतीवर, जाणिवेवर अवलंबून. मग मी ज्यांना आंघोळ घालते त्या कोण? मला ते वाचून रात्रभर झोप नव्हती. पण बघा ना, भांडीवाल्या मावशी दारात आल्या की सासूबाई आजही म्हणतात, "आधी चहा घे गं, मग भांडी." नाव आठवत नाही, दिवस आठवत नाही, आणि आलेल्या बाईला चहाशिवाय कामाला लावायचं नाही हे मात्र गेलं नाही. मावशी पण बसतात, चहा घेतात, "आई, साखर बरोबर झाली" म्हणतात. कन्फ्यूशियसबद्दल गोदाकाठ यांच्याच जुन्या धाग्यावर वाचलं होतं की माणूस रीतिरिवाजातून, रोजच्या वागण्याच्या वळणातून घडतो, नात्यांमध्ये असतो, डोक्यातल्या एका कप्प्यात नसतो. ते मला इतकं धरून राहिलं. त्या आहेत, कारण ते वळण आहे, आणि मावशी आणि मी त्याला उत्तर देतोय म्हणून आहेत.

पण आता दुसरी बाजू पण लिहिते आणि ही कोणी लिहीत नाही. 'नात्यातला मी' हे ऐकायला गोड आहे, प्रत्यक्षात ते नातं सांभाळायचं काम सुनेचं असतं. ह्यांच्या दोन बहिणी फोनवर विचारतात, "आईला जपतेस ना?" चिनी परंपरेत पण बाईने आधी बापाचं मग नवऱ्याचं मग मुलाचं ऐकायचं असंच होतं ना. म्हंजे ज्या तत्त्वज्ञानाने मला सासूबाई परत दिल्या तेच माझ्याकडे बोट दाखवून म्हणतं, हे तुझंच काम. त्यामुळे शांतिदेव मला जास्त हवे आहेत. दुःखाला मालक नाही तर सेवेला पण एकच मालकीण कशी काय?

गोदाकाठ

शुभदाताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी लिहून ठेवलाय. रीत टिकवायची पण तिचं ओझं वाटून घ्यायचं, हे कन्फ्यूशियसच्या चौकटीत बसायला पाहिजे, कारण ते नुसत्या सुनेचं कर्तव्य सांगत नाहीत, बापाचं, मुलाचं, राजाचं पण सांगतात. पण इतिहासात वजन खालच्याच माणसावर पडलं हे नाकारता येणार नाही.

त्रिरश्मींच्या मुद्द्याला जोडून एक. 'मी नाहीच' हा विचार घातकही ठरू शकतो आणि हे जुन्या लोकांना पक्कं माहीत होतं. दीघनिकाय या पाली ग्रंथात सामञ्ञफलसुत्त (बुद्धाचा एक संवाद) आहे. राजा अजातशत्रू बुद्धाकडे येतो, हा बापाला, बिंबिसाराला, मारून गादीवर बसलेला. तो वेगवेगळ्या आचार्यांची मतं सांगतो, त्यात पकुध कच्चायन म्हणतो की माणूस म्हणजे सात घटक, तलवारीने कोणाचं डोकं उडवलं तरी कोणी कोणाला मारत नाही, तलवार फक्त सात घटकांच्या मधून जाते. बाप मारलेल्या राजाला हे ऐकून किती बरं वाटायला हवं होतं! पण त्याचं समाधान होत नाही. आणि त्याच सुत्ताच्या शेवटी तो बुद्धासमोर कबूल करतो की मी बापाला मारलं. मला हे सगळ्या पाली साहित्यातलं सगळ्यात हादरवणारं ठिकाण वाटतं. पकुधाचं तत्त्वज्ञान त्याच्या हातात होतं, सुटका तयार होती, आणि त्याला कबुली हवी होती.

विसाव्या शतकात जपानमध्ये काही झेन गुरूंनी 'अहंकार सोड आणि तलवार चालव' असं युद्धाला पाठबळ दिलं, म्हणजे पकुध परत आलाच. म्हणून मला वाटतं अनात्म, म्हणजे कायमचा 'मी' नाही हा विचार, करुणेच्या सोबत धरलं तरच नीती होते.

द्राक्षबाग

निफाडकडचा शेतकरी, शिकलेला कमी पण धागा पूर्ण वाचला. माझा प्रश्न साधा आहे, कोणी हसू नका.

माझ्याकडे एक्स्पोर्टचा प्लॉट आहे, ग्रेपनेटला, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या नोंदणीला, नोंदवलेला. तिथं कोणतं औषध कधी मारलं सगळी नोंद, तोडणीच्या आधी किती दिवस फवारणी बंद ते पाळायचंच, लॅबला रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश, तपासतात, जास्त निघालं तर माल जात नाही. शेजारीच लोकल मार्केटचा प्लॉट आहे. तिथं कोणी तपासत नाही, व्यापारी मणी बघतो, चकाकी बघतो. पाऊस आला, डाऊनी (बुरशीचा रोग) दिसली की तोडणीला आठ दिवस असले तरी लोक मारतात. युरोपातलं पोरगं आणि नाशिकरोडचं पोरगं, द्राक्ष दोघं खाणार. एकाच्यासाठी नियम आहे म्हणून जपायचं आणि आपल्याच्यासाठी नाही म्हणून नाही? दुःखाला मालक नाही हे वाचून मला आधी तेच आठवलं. यावर तुमचे तत्त्वज्ञ काय म्हणतात?

गोदाकाठ

दादा, हसणार कोण, धाग्यातला सगळ्यात खरा प्रश्न तुम्ही विचारलाय.

मेंग्झींच्या पहिल्याच प्रकरणात याच्या जवळची गोष्ट आहे. छी राज्याचा राजा श्वान दरबारात बसलाय, समोरून बैल नेतायत, नव्या घंटेला त्याचं रक्त लावायला. बैल थरथरतोय. राजा म्हणतो सोडा त्याला, बदली मेंढी घ्या. लोक म्हणाले राजा कंजूष आहे. मेंग्झी म्हणाले नाही, बैल दिसला, मेंढी दिसली नाही, एवढंच. पण मग राजाला पकडतात, तुझी दया जनावरापर्यंत पोचते आणि तुझ्या प्रजेपर्यंत का नाही? तुला जमत नाही असं नाहीये, तू करत नाहीयेस. घरच्या म्हाताऱ्यांना जपतोस तसं दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांपर्यंत ते पोचव. म्हणजे जे काळीज आधीच हलतंय ते न दिसणाऱ्यापर्यंत न्यायचं, ही मेंग्झींची पद्धत. नाशिकरोडचं पोरगं म्हणजे ती न दिसलेली मेंढी.

मोझी हा दुसरा जुना चिनी तत्त्वज्ञ मात्र म्हणाला असता की काळजाच्या भरवशावर राहूच नका, सगळ्यांना सारखं मोजायची मोजपट्टी ठेवा. सुताराला कोनमाप लागतं तसं राज्य चालवणाऱ्यालाही लागतं असं त्याच्या ग्रंथात आहे. मेंग्झींचं आणि मोझीच्या लोकांचं यावरून कडाक्याचं भांडण होतं.

त्रिरश्मी

मी मोझीच्या बाजूने. आणि परत डोंगरावर नेतो, लेणं क्रमांक १०. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने तिथं वस्सावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या भिक्खूंसाठी ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) दिले, पण हातात नाही दिले. गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीत (कारागिरांच्या संघात) २००० ठेवले, महिना शेकडा १ व्याजाने, दुसऱ्या श्रेणीत १००० ठेवले शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० चं वर्षाचं व्याज २४०, आणि लेखात आहे की वीस भिक्खूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२. हिशेब बरोबर बसतो, करून बघा. आणि हे सगळं निगमसभेत (नगराच्या सभेत) वाचून दाखवून रीतसर नोंदवलं. उषवदात उद्या मेला, त्याचा मूड गेला, धर्म बदलला, तरी भिक्खूला कापड मिळणार. करुणा देणाऱ्याच्या मनावर सोडलेली नाही, ती व्यवस्थेत बांधलीये. द्राक्षवाल्या दादांना हेच पाहिजे.

आणि प्रामाणिकपणे दुसरंही सांगतो, लेणं ३ च्या लेखात सातकर्णी नगरातल्या लोकांच्या सुखदुःखात सारखाच सहभागी होतो म्हणून कौतुक आहे, अपराधी शत्रूचाही जीव घ्यायची आवड नाही असं आहे, आणि त्याच लेखात त्याने चार वर्णांचा संकर थांबवला म्हणूनही कौतुक आहे. एकाच दगडावर. म्हणून मी म्हणतो सुंदर वाक्यांवर भागवू नका, दार कोणासाठी उघडतं ते बघा.

पंचवटीकर

त्रिरश्मी, काळारामचं तुम्ही म्हणालात ते मला टोचलं आणि टोचायलाच पाहिजे. तरी एक मांडतो. नियम कोण बनवणार? ज्याला आतून समोरचा आपला वाटतो तोच ना. वारीत शिकलेला माणूस नियम करायला बसला तर वेगळा नियम करेल असं मला वाटतं. चोखोबा पंढरीच्या दाराबाहेर उभे राहिले हे कीर्तनात आम्ही डोळ्यात पाणी आणून सांगतो आणि दाराबद्दल बोलत नाही, हे यापुढे मी कीर्तनात बोलणार आहे. पण आतलं सोडून नुसतं बाहेरचं धरलं तर माणूस नियमातून पळवाट काढतोच, दादांच्या लोकल प्लॉटसारखं.

सातपूरकर

काका, पळवाट काढणारा बहुतेक वेळा वाईट नसतो, अडलेला असतो. व्यापारी चकाकी बघून भाव देतो तर शेतकरी काय करणार. सगळ्यांना एकदम नियम लागला तरच एकट्याचं नुकसान होत नाही, युनियनमध्ये आम्ही हेच शिकलो.

द्राक्षबाग

अगदी बरोबर बोलले सातपूरकर. मी एकट्याने लोकल प्लॉटला फवारणी थांबवली तर माझाच माल मागं पडतो. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, पुढच्या मीटिंगला ठराव मांडतो की लोकल मालाची पण फवारणी वही ठेवायची आणि तोडणीआधीचे दिवस सगळ्यांनी सारखे पाळायचे, म्हणजे नाशिकच्या दुकानदाराला आपण वही दाखवून भाव मागू शकतो. किती जण तयार होतील सांगता येत नाही.

शुभदा

दादा, ठराव मांडताय तर खाणाऱ्यांबरोबर बागेतल्या बायकांचं पण घाला. माझी मावसबहीण थिनिंग आणि डिपिंगला (मणी विरळ करायला आणि घड औषधात बुडवायला) जाते, सकाळी फवारणीचा ब्लोअर फिरला की दुपारी त्याच ओळीत उभं राहायला लावतात, हात जळजळतात म्हणते. फवारणी झाल्यावर किती तास बागेत कोणी शिरायचं नाही हे वहीत लिहा, आणि हातमोजे कोण देणार तेही लिहा.